मोती ठाण्याहून टोरोंटोला आला: कुत्र्याला विमानाने आणताना आणि नव्या घरात रुळवताना



गेल्या काही महिन्यांत मला एकाच विषयावर तीन फोन आले. एक ठाण्याहून, एक पनवेलहून आणि एक अलिबागकडून. तिन्ही बायका माझ्याच वयाच्या. मुलं कॅनडात, ती बोलावतायत, व्हिसाही होईल, पण अडलंय ते कुत्र्यापाशी. अलिबागच्या बाई म्हणाल्या, "त्याला मागे ठेवून येणं म्हणजे घरातलं माणूस दाराबाहेर उभं करून कुलूप लावण्यासारखं आहे." फोनवर प्रत्येकीला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहावं म्हणून हा लेख.

मी काही जनावरांची डॉक्टर नाही. नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि जन्मभर माणसांच्या वॉर्डांत काम केलं. पण दोन वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण ठाण्याहून इकडे मुलाकडे आली, तेव्हा तिच्या मोतीला आणायची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. मोती म्हणजे तलावपाळीवर सापडलेलं गावठी पिल्लू. इकडे आला तेव्हा सहा वर्षांचा आणि चौदा किलोचा होता. भाऊजी गेल्यापासून ताईच्या घरात दुसरा जीव तोच. सुपर व्हिसा मिळाला, एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येतं असा, तरी ताई म्हणाली, "मोती येत असेल तर येते." भाच्याला तो हट्ट वाटला. खरं सांगते, मलाही वाटला होता.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पेशंटला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवताना आम्ही तीन गोष्टी बघायचो. कागद पुरे आहेत का, प्रवासात जपायचं काय, आणि नव्या खाटेवर त्याच्या ओळखीचं काही आहे का. कुत्र्याचंही तेच. प्रवास एका दिवसाचा असतो, त्याच्या आधीची तयारी दोन-तीन महिन्यांची आणि नंतरचं रुळणंही तेवढंच. लोक सगळा जीव त्या एका दिवसावर लावतात आणि तिथेच चुकतात.

आणावं का, हे आधी ठरवा

सगळ्याच कुत्र्यांना आणू नये. हृदय कमजोर असलेला, फिट येणारा किंवा फार म्हातारा कुत्रा असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "हा तुमचा असता तर तुम्ही नेला असता का?" पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आधीच श्वास कमी पडतो. गरमी आणि घाबरण्याने त्यांचा जीव धोक्यात येतो, म्हणून बऱ्याच विमान कंपन्या त्यांना सामानाच्या कप्प्यातून नेतच नाहीत. आणि तुम्ही तीनच महिन्यांसाठी येणार असाल तर त्याला ओळखीच्या घरी ठेवणं हीच माया. दोनदा एवढा प्रवास कशाला?

मुलाचं घर कसं आहे तेही विचारा. ऑन्टॅरिओ प्रांतात भाडेकरारात "पाळीव प्राणी चालणार नाही" असं लिहिलं तरी कायद्यात ते कलम टिकत नाही. पण कॉन्डो असेल तर त्या इमारतीचे स्वतःचे नियम असतात, कुत्रा किती मोठा चालेल इथपर्यंत. ते आधी वाचून घ्यायला सांगा. पिटबुल जातीच्या कुत्र्यांवर ऑन्टॅरिओत २००५ पासून बंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

कागद

कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून कुत्र्यांच्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून विक्रीसाठी, पैदाशीसाठी किंवा दत्तक देण्यासाठी कुत्रे आणणं बंद केलं आहे. त्या यादीत भारत आहे. हे ऐकून पुष्कळ लोक समजतात की आता आपला कुत्रा येऊच शकत नाही. तसं नाही. स्वतःचा पाळलेला कुत्रा स्वतःबरोबर आणता येतो. म्हणून कुत्रा तुमच्या नावावर असावा आणि तुमच्याच विमानात असावा. "मी पुढे जाते, शेजारी नंतर घेऊन येतील" असले बेत करू नका.

मुख्य कागद म्हणजे रेबीजच्या लसीचा दाखला. तो इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, डॉक्टरांच्या सहीचा हवा. त्यात कुत्र्याची जात, रंग, वजन, नर की मादी, लस दिल्याची तारीख, लसीचं नाव, तिचा सिरियल नंबर आणि ती किती काळ चालते, एवढं सगळं असावं. काळ लिहिला नसेल तर एक वर्षच धरतात. ताईने मला व्हॉट्सॲपवर मोतीच्या लसीच्या पुस्तिकेचा फोटो पाठवला. स्टिकर होतं, सही होती, पण रंग, वजन आणि मुदत तिन्ही जागा कोऱ्या! जन्मभर केसपेपर तपासलेले, त्यामुळे माझी नजर तिकडे आधी गेली. ताईने डॉक्टरांकडून लेटरहेडवर नवा दाखला करून घेतला. दोन महिने हातात होते म्हणून जमलं. आदल्या दिवशी कळलं असतं तर?

भारतातून निघतानाही परवानगी लागते. ती केंद्र सरकारचं ॲनिमल क्वारंटाइन ऑफिस देतं आणि त्याची शाखा मुंबईत आहे. लसीचा दाखला, डॉक्टरांनी निघण्याच्या जरा आधी तपासून दिलेलं तब्येतीचं सर्टिफिकेट, तुमचा पासपोर्ट आणि तिकीट, एवढं घेऊन अर्ज करावा लागतो. शेवटचा आठवडा या कामासाठी मोकळा ठेवा.

मायक्रोचिप म्हणजे कातडीखाली बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा नंबर. आपण आपला पाळलेला कुत्रा आणतो तेव्हा कॅनडा तिची सक्ती करत नाही, पण बसवाच. का ते पुढे सांगते.

विमान कुठून जातं तेही बघा. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या देशांतल्या कुत्र्यांसाठी नियम फार कडक केले आहेत, तेव्हा अमेरिकेमार्गे येणं टाळलेलं बरं. युरोपात उतरून लेकीकडे महिनाभर राहून पुढे यायचा विचार असेल तर रक्ताची वेगळी तपासणी लागते. लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं आणि त्यापुढे तीन महिने थांबायचं. कमीत कमी थांबे हेच कुत्र्यासाठी चांगलं. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी नातवंडांना कॅनेडियन फूड इन्स्पेक्शन एजन्सीची साइट उघडायला सांगा. तिथे देश आणि प्राणी निवडला की आपल्याला लागू होणारे नियम दिसतात.

पेटीची सवय

लहान कुत्रा सीटखाली मावेल अशा पिशवीतून तुमच्याबरोबर केबिनमध्ये येऊ शकतो. वजनाची मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि ती पिशवीसकट मोजतात. मोठा कुत्रा खालच्या कप्प्यात, क्रेटमध्ये म्हणजे कडक पेटीत. या कप्प्याला लोक फार घाबरतात. पण जिथे प्राणी ठेवतात तिथे हवेचा दाब आपल्या केबिनसारखाच असतो, तापमानही सांभाळलेलं असतं, आणि आत प्राणी आहे याची लेखी सूचना वैमानिकाला दिलेली असते. तिकीट काढतानाच कुत्र्याची जागा नक्की करा. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात.

पेटीचं माप असं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्या आणि जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची घ्या. लांबीत त्या उंचीच्या निम्मं मिळवलं की पेटीची लांबी निघते. मोतीचं ६६ सेंटीमीटर आणि ३२ चे निम्मे १६, मिळून ८२. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट म्हणजे पेटीची रुंदी. उभा राहिल्यावर डोकं किंवा ताठ कान, जे उंच असेल तिथपर्यंत उंची, शिवाय खालच्या अंथरुणाची जाडी. थोडक्यात, त्याला आत उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे.

ताई म्हणाली, "पिंजऱ्यात घालू माझ्या मोतीला?" मी म्हटलं, पिंजरा वाटू द्यायचा नसेल तर आजच आण. निघायच्या अडीच महिने आधी पेटी घरात आली. पहिला आठवडा दार काढून नुसती कोपऱ्यात ठेवली. मग जेवणाची थाळी तिच्या तोंडाशी, मग आत. मग दार लावून दोन मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. शेवटी रात्रीची झोप तिथेच. दोन-तीनदा टेम्पोतून घोडबंदर रोडला चक्करही मारून आणली. शेवटी शेवटी दुपारी मोती सापडेना, तर स्वारी पेटीत घोरत असायची. एवढं झालं की अर्धी लढाई जिंकली.

खाणंही याच काळात बदला. इकडे जे खाणं मिळतं तेच तिकडे आठ-दहा दिवसांत हळूहळू सुरू करा, म्हणजे नवं घर आणि नवं अन्न असे दोन धक्के एकदम बसत नाहीत. घरचं शिजवलेलं चिकन सामानात घालून आणू नका. मांसाच्या पदार्थांवर इथे निर्बंध आहेत.

झोपेची गोळी नको

तिन्ही फोनवर हा प्रश्न होताच: "गुंगीचं औषध देऊ का?" नर्स म्हणून उत्तर देते, देऊ नका. गुंगीत श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो आणि विमान हललं की कुत्र्याला तोल सावरता येत नाही. विमानातली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेसारखी विरळ असते, म्हणजे महाबळेश्वरच्याही वरची. आणि खाली कप्प्यात त्याच्याकडे बघायला कोणी नसतं. आम्ही भूल दिलेल्या पेशंटला एक मिनिट एकटं सोडत नव्हतो. गुंगी दिल्याचं कळलं तर कंपनी कुत्रा घेत नाही तेही वेगळंच. फार घाबरट कुत्रा असेल तर डॉक्टरांशी बोला, स्वतः काही देऊ नका. आपल्या डब्यातल्या पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन या गोळ्या तर कुत्र्याला कधीच नाहीत. त्या विषासमान आहेत.

प्रवासाचा दिवस

निघण्याच्या चार ते सहा तास आधी हलकं जेवण. पाणी शेवटपर्यंत द्यायचं. विमानतळावर आत शिरण्यापूर्वी चांगलं फिरवून सगळे विधी उरकून घ्यायचे. दाराला अडकवलेल्या वाटीत पाणी गोठवून ठेवलं तर ते सांडत नाही आणि वितळेल तसं चाटता येतं. पेटीवर कुत्र्याचं नाव आणि दोन्ही देशांतले फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. कागदांच्या प्रती पेटीवर चिकटवा, मूळ कागद तुमच्या पर्समध्ये.

आणि पेटीत घाला तुमची वापरलेली सुती साडी, न धुतलेली. ताईने नेसून मऊ झालेली निळी साडी घडी करून घातली. कुत्र्याला घर म्हणजे भिंती नव्हेत, वास. नव्या वॉर्डात गेलेला म्हातारा पेशंट आपली घोंगडी छातीशी धरतो ना, तसंच.

हंगाम निवडता आला तर मे महिना आणि जानेवारी टाळा. मुंबईचा मे आणि टोरोंटोचा जानेवारी, दोन्ही वाईट. मोती ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला.

टोरोंटोला उतरल्यावर पेटी मोठ्या सामानाच्या जागी येते. सीमेवरच्या अधिकाऱ्याला कुत्रा आहे हे आपणहून सांगायचं. ते दाखला बघतात, कुत्र्याला बघतात, तपासणीची फी घेतात. कागद बरोबर असले तर कुत्र्याला वेगळं डांबून ठेवत नाहीत. मोतीचं काम तासाभरात झालं. बाहेर आल्यावर त्याने आधी गवतावर जे काही केलं ते दोन मिनिटं थांबलंच नाही. बिचारा!

पहिले दिवस आणि माझी चूक

इथले प्राण्यांच्या आसऱ्यात काम करणारे लोक एक आडाखा सांगतात: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस कुत्रा भेदरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. मोतीच्या बाबतीत ते जवळजवळ तसंच झालं.

पहिले तीन दिवस त्याला एक खोली, त्याची पेटी, ती साडी आणि ताई एवढंच द्यायला हवं होतं. पण तिसऱ्याच दिवशी शुक्रवार. शब्बाथच्या जेवणाला आम्ही बारा माणसं गोळा झालो, ताईला भेटायला आणि मोतीला बघायला. मोती वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसला. मी शहाणी, त्याला पट्ट्याला धरून बाहेर ओढायला गेले. त्याने दात दाखवले आणि माझ्या मनगटाला ओरखडा काढला. चूक त्याची नव्हती. घाबरलेल्या पेशंटला ओढायचं नसतं हे मी किती शिकाऊ मुलींना शिकवलं असेल!

घड्याळही उलटं झालेलं असतं. उन्हाळ्याच्या वेळेत टोरोंटो भारताच्या साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा. मोती रात्री दोनला उठून जेवण मागायचा. मधरात्री थाळी द्यायची नाही. फक्त बाहेर नेऊन आणायचं आणि जेवणाची वेळ रोज थोडी थोडी सरकवायची. आठवड्यात जमतं.

आठव्या दिवशी

आता मायक्रोचिपचं. आठव्या दिवशी संध्याकाळी पार्सलवाला आला, नातवाने दार उघडलं आणि मोती सुटला. ठाण्यात तो गल्लीत मोकळा फिरायचा आणि जेवायला आपला आपण घरी यायचा. पण इथल्या घराचा वास त्याच्या नाकात अजून बसला नव्हता. बाहेर पाच अंश, अंधार पडत आलेला. आम्ही साडेतीन तास गाड्या घेऊन हिंडलो. आणि मग माझ्या लक्षात आलं की चिप आहे खरी, पण तिच्या नोंदीत ताईचा ठाण्याचा मोबाइल नंबर आहे, जो इथे आल्यापासून बंद. कोणी त्याला उचलून नेलं असतं, चिप वाचली असती, तरी फोन लागला नसता.

ताई रडत नव्हती. ती आत गेली, स्टीलची थाळी आणि चमचा घेऊन आली आणि अंगणात उभी राहून थाळी वाजवायला लागली, ठाण्याला जेवायला बोलवायची तशी. भाचा म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील!" दहा-बारा मिनिटं ती वाजवतच राहिली. दोन घरं पलीकडच्या लाकडी ओट्याखालून मोती पोट जमिनीला घासत बाहेर आला. तेवढा वेळ तो तिथेच होता. आम्ही मात्र गाडीतून त्याचं नाव ओरडत त्याला आणखी घाबरवत होतो.

यातून शिकलो ते असं. उतरल्याच दिवशी चिपच्या नोंदीत इथला नंबर घालायचा आणि गळ्यात इथल्या नंबरचा बिल्ला. पहिले तीन महिने अंगणातसुद्धा पट्ट्याशिवाय नाही. पट्टा गळ्याला नको, छातीला बांधायचा, म्हणजे मान काढून निसटता येत नाही. सुटलाच तर मागे धावायचं नाही. एका जागी उभं राहून ओळखीचा आवाज करायचा, त्याची पेटी आणि अंथरूण दाराबाहेर ठेवायचं आणि शहराच्या ॲनिमल सर्व्हिसेसला कळवायचं.

पहिल्या पंधरवड्यात इथल्या डॉक्टरांना दाखवा. ऑन्टॅरिओत तीन महिन्यांवरच्या कुत्र्याला रेबीजची लस सक्तीची आहे, टोरोंटोत कुत्र्याचं लायसन्सही काढावं लागतं. आपल्याकडच्या गोचीड तापाची तपासणी करा असं डॉक्टरांना आपणहून सांगा. तो अंगात वर्षानुवर्षं लपून राहू शकतो आणि इथल्या डॉक्टरांच्या तो चटकन डोक्यात येत नाही. इथेही गोचिडी आहेत, त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. उन्हाळ्यात डासांपासून हृदयात जंत होतात, त्याचं औषध वेळच्या वेळी.

बर्फ, मीठ आणि आपली हाडं

हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते पंजांना झोंबतं आणि कुत्रे ते चाटतात. घरी आल्यावर कोमट पाण्याने पाय पुसून घ्यायचे. बूट मिळतात, पण मोती पहिल्या दिवशी ते घालून बदकासारखा चालला आणि मग हललाच नाही. आपल्या गावठी कुत्र्यांच्या अंगावर लोकर नसते, अंगात कोट हवाच. कडाक्याच्या थंडीत पाच-दहा मिनिटं पुरे.

पण मला खरी काळजी कुत्र्याची नाही, तुमची. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या बायका मी पुष्कळ सांभाळल्या आहेत. त्यातल्या काहींनी परत कधी आपल्या पायांवर बाजार केला नाही. बर्फावर खार दिसली, कुत्र्याने हिसका दिला, झालं. म्हणून पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, हातात धरायचा, म्हणजे वेळ आली तर सोडता येतो. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावायचे. आणि डिसेंबर ते मार्च कुत्र्याला बाहेर नेणं हे तरुणांचं काम, हे निघण्याआधी मुलाशी स्पष्ट बोलून घ्यायचं. कुत्रा तुमचा असला तरी घरच्यांनी त्याला स्वीकारलं पाहिजे. ते जमणार नसेल तर कुत्रा आणू नका, असं मी स्पष्ट सांगते.

ताईच्या घरी ते जमलं. मोतीला "बस", "ये", "नको" एवढंच कळतं, इंग्रजी येत नाही. त्यामुळे नातवाला मराठी बोलणं भाग पडलं. आणि ताई? पहिल्या हिवाळ्यात इथे आलेली आमची कितीतरी माणसं खिडकीशी बसून दिवस मोजतात. मी स्वतः मोजले आहेत. ताईला सकाळी सातला उठावंच लागायचं, मोती दाराशी उभा. वसंतात ती त्याला घेऊन कोपऱ्यापर्यंत जायला लागली. आता त्या गल्लीतल्या पाच-सहा जणांना ती "मोतीज मदर" म्हणून माहीत आहे. मी ज्याला हट्ट म्हणत होते, तेच तिचं औषध होतं.

ती निळी साडी अजून मोतीच्या पेटीत आहे. पहिले सहा महिने ताईने ती कुणाला धुवू दिली नाही. आता धुते.

कोणाला आणखी काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. पण आधी लसीच्या दाखल्याचा फोटो काढून ठेवा, मी पहिल्यांदा तोच बघायला मागणार आहे.